फुल बॅकअप किती दिवस ठेवायचा आणि इन्क्रिमेंटल किती दिवस? मुदत ठरवायची सविस्तर रीत

मागे सप्टेंबर महिन्यात सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातून फोन आला. सहा कॉम्प्युटर, कोपऱ्यात एक छोटा सर्व्हर आणि त्याला लावलेली बॅकअपची डिस्क, एवढंच ऑफिस. एका पार्टीचं स्टॉकचं एक्सेल शीट उघडून कुणीतरी त्यात दुसऱ्याच पार्टीचे आकडे भरले आणि त्याच नावाने सेव्ह केलं. हे झालं ६ तारखेला. कळलं २४ तारखेला, ती पार्टी समोर येऊन बसली तेव्हा.

मी बॅकअप उघडला. रोजचे इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेल्या फायलींचे बॅकअप, २६ ऑगस्टपासूनचे सगळे जागच्या जागी होते. फुल, म्हणजे सगळ्या डेटाचे, मात्र दोनच होते, १५ आणि २२ सप्टेंबरचे. दोन्हींत ते शीट बिघडलेलंच होतं. इन्क्रिमेंटलमध्ये जुनं शीट असायचा प्रश्नच नव्हता, कारण बिघडण्याआधी त्याला शेवटचा हात लागला होता तो जुलैत. ज्या फायलीत बदल होत नाही ती इन्क्रिमेंटलमध्ये येतच नाही, ती फक्त फुलमध्ये असते. आणि चांगलं शीट असलेला शेवटचा फुल, रविवार १ सप्टेंबरचा, चौदा दिवस भरल्यावर सॉफ्टवेअरने पुसून टाकला होता. कुणीतरी सेटिंग करताना फुलला १४ दिवस आणि इन्क्रिमेंटलला ३० दिवस असं भरलं होतं.

ऑफिस सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, तीस दिवसांचा बॅकअप आहे ना आपल्याकडे? मग याच महिन्यातलं शीट कसं नाही?" त्यांचं काही चुकत नव्हतं. स्क्रीनवर ३० हा आकडा दिसत होता. खरं पाहिलं तर त्या दिवशी १५ सप्टेंबरच्या मागचा ऑफिसचा पूर्ण डेटा कुठेच शिल्लक नव्हता. जुन्या प्रिंटआउट काढून शीट पुन्हा भरायला चार दिवस गेले.

त्या चार दिवसांपायी हे सगळं लिहितो आहे. बॅकअप घ्या असं सगळेच सांगतात. घेतलेला बॅकअप किती दिवस ठेवायचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बसवणारा माणूस पाच सेकंदांत ठरवून टाकतो.

आधी साखळी डोळ्यांसमोर आणा

फुल बॅकअप म्हणजे त्या दिवशीचा सगळा डेटा. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या कोणत्याही बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. डिफरेन्शियल म्हणजे मागच्या फुलनंतर जे जे बदललं ते सगळं, म्हणून तो रोज थोडा थोडा फुगत जातो.

समजा रविवारी रात्री फुल होतो आणि सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल. गुरुवारची परिस्थिती परत आणायची तर रविवारचा फुल हवा आणि त्यावर सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे चारही इन्क्रिमेंटल हवेत. मधला मंगळवारचा खराब झाला तर बुधवार-गुरुवारला अर्थ उरत नाही. रविवारचाच गेला तर पूर्ण आठवडा गेला. डिफरेन्शियल वापरत असाल तर रविवारचा फुल आणि गुरुवारचा डिफरेन्शियल, दोनच पुरतात.

मुदत ठरवताना एवढं एकच कायम लक्षात ठेवायचं: साखळीतल्या शेवटच्या इन्क्रिमेंटलची गरज संपेपर्यंत तिच्या मुळाशी असलेल्या फुलला हात लावायचा नाही. फुल जागा जास्त खातो म्हणून तो लवकर पुसावा असं वाटणं साहजिक आहे, आणि वरच्या ऑफिसात नेमकं तेच झालं होतं.

पायरी १: चूक किती उशिरा कळते?

डिस्क किती मोठी आहे इथून सुरुवात करू नका. वही घ्या आणि ऑफिसातल्या माणसांशी बोला. प्रश्न एकच: तुमच्या कामात काही बिघडलं तर ते किती दिवसांनी लक्षात येतं?

चुकून डिलीट झालेली फाइल त्याच दिवशी किंवा फार तर आठवड्याभरात कळते. सेव्ह करताना एकावर दुसरी चढलेली फाइल कळते पुढच्या वेळी ती उघडल्यावर, म्हणजे महिन्याने किंवा तिमाहीने. टॅलीत एखादी एंट्री उडाली किंवा चुकीच्या लेजरला गेली तर ती जीएसटीचा मेळ घालताना सापडते, नाहीतर थेट ऑडिटला, म्हणजे सहा-आठ महिन्यांनी. हार्ड डिस्क बंद पडली तर ते त्याच क्षणी कळतं, आणि त्यासाठी कालचा बॅकअप पुरतो. एखादी नोटीस आली तर मात्र चार-पाच वर्षांपूर्वीचं काहीतरी लागतं.

यावरून तीन वेगळ्या गरजा दिसतात. जवळच्या भूतकाळातला कोणताही एक दिवस. वर्षभरातला कोणताही एक महिना. आणि जुन्या वर्षांचा शेवटचा हिशेब. या तिन्हींसाठी एकच मुदत ठेवायला गेलात तर एकतर डिस्क भरते किंवा हातात काही राहत नाही. बॅकअपच्या धंद्यात आजोबा-वडील-मुलगा म्हणून जी पद्धत सांगतात ती हीच. रोजचा बॅकअप मुलगा, आठवड्याचा वडील, महिन्याचा आजोबा. मुलाची मुदत सगळ्यात कमी आणि आजोबांची सगळ्यात जास्त.

सांगलीच्या ऑफिसात बोलून आम्ही ठरवलं: गेल्या ३० दिवसांतला कोणताही दिवस, गेल्या १३ महिन्यांतला प्रत्येक महिना, आणि प्रत्येक आर्थिक वर्षाचा वेगळा संच. १२ ऐवजी १३ महिने अशासाठी की चालू महिना आणि मागच्या वर्षीचा तोच महिना समोरासमोर ठेवून बघता यावा.

पायरी २: कायद्याची मुदत वेगळी काढा

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. ७२ महिने म्हणजे सहा वर्षं असं धरून लोक बिलाच्या तारखेपासून मोजतात, आणि तिथे चुकतात. २०२४-२५ चं वार्षिक विवरणपत्र भरायची तारीख ३१ डिसेंबर २०२५. तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. म्हणजे एप्रिल २०२४ मधलं बिल जवळजवळ पावणेआठ वर्षं सांभाळायचं. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यावर एक वर्ष किंवा वरची मुदत, यांतलं जे नंतर येईल ते.

पार्टी कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे मागची आठ आर्थिक वर्षं. शिवाय ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीनंतर कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. त्याआधी नियमात ठरावीक काळाने असं होतं, आता रोज आहे.

तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमच्या सीएंना किंवा वकिलांना विचारून आकडा घ्या, पण तो कागदावर लिहून घ्या. आणि त्या आकड्यापायी रोजचे इन्क्रिमेंटल आठ वर्षं ठेवू नका. कायद्याला पुस्तकं हवी असतात, दर मंगळवारी रात्रीची अवस्था नव्हे. त्यासाठी वर्षाचा संच वेगळा काढायचा, तो कसा ते पुढे येतंच.

पायरी ३: गणित मांडा

रविवारी फुल आणि बाकीचे सहा दिवस इन्क्रिमेंटल, हीच सोपी रचना घ्या. वचन आहे ३० दिवसांचं. तीस दिवसांपूर्वीचा तो दिवस शनिवार निघाला तर त्याच्या साखळीचा फुल त्याच्याही सहा दिवस आधीचा आहे. म्हणून

फुलची मुदत = हवे तेवढे दिवस + दोन फुलमधलं अंतर − १

३० + ७ − १ = ३६ दिवस. हे किमान. एखाद्या रविवारी वीज गेली आणि फुल दोन-तीन दिवस उशिरा झाला, तर साखळी आपोआप तेवढी लांबते. म्हणून मी त्यावर चार-सहा दिवस वाढवून ४० भरतो. इन्व्हर्टर नीट चालत नसेल आणि एखाद्या रविवारचा फुल अजिबातच चुकण्याची भीती असेल तर साखळी आठवड्याने लांबते, तेव्हा ४५ भरा.

इन्क्रिमेंटलचंही असंच. शनिवारचा वाचायला सोमवारचा लागतो, आणि तो शनिवारच्या पाच दिवस आधीचा. म्हणून सोमवारच्या इन्क्रिमेंटलला ३५ दिवस तरी हवेत. वेगवेगळे आकडे भरून डोक्याला ताप करून घेण्यापेक्षा फुल आणि इन्क्रिमेंटल दोन्हींना ४० दिवस ठेवा. दोन्ही आकडे सारखे असले तर चालतं. फुलचा आकडा इन्क्रिमेंटलपेक्षा लहान असलेला कधीही चालत नाही. आज हे वाचून उठल्यावर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एवढंच बघा.

महिन्यातून एकदाच फुल घेत असाल तर अंतर मोठं होतं. पहिल्या रविवारी फुल ठरवला तर पुढचा पहिला रविवार कधी २८ दिवसांनी येतो, कधी ३५ दिवसांनी. मोठा आकडा धरायचा. ३० + ३५ − १ = ६४. म्हणजे फुलला किमान ६४ दिवस, हातचे धरून ७०. आणि यात सगळे दिवस फक्त इन्क्रिमेंटल असतील तर साखळी चौतीस कड्यांची होते. एवढ्या लांब साखळीवर मी विश्वास टाकत नाही. मधल्या रविवारी डिफरेन्शियल घाला, मग कोणत्याही दिवसासाठी एक फुल, एक डिफरेन्शियल आणि जास्तीत जास्त सहा इन्क्रिमेंटल एवढंच लागतं. डिफरेन्शियलची आणि इन्क्रिमेंटलची मुदत तेव्हा ४० दिवसच राहते, फक्त फुलची वाढते.

पायरी ४: आता डिस्ककडे वळा

सांगलीच्या ऑफिसाचा डेटा २०० जीबी. रोजचा इन्क्रिमेंटल सरासरी ४ जीबी. डिफरेन्शियल महिनाअखेरपर्यंत वाढत जातो, सरासरी ४० धरला. डिस्क ४ टीबीची. विंडोजमध्ये ती ३.६३ टीबी दिसते, म्हणजे साधारण ३,७२५ जीबी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, म्हणून हा फरक. डिस्क सदोष नाही.

पहिला विचार दर रविवारी फुलचा होता. ४० दिवसांत जास्तीत जास्त सहा रविवार येतात. त्यांतला किमान एक महिन्याचा पहिला रविवार असतो, आणि तो महिन्यांच्या १३ फुलमध्ये मोजलाच आहे. म्हणजे वरचे पाच फुल १,००० जीबी, महिन्यांचे १३ फुल २,६०० जीबी, साधारण ३५ इन्क्रिमेंटल १४० जीबी. बेरीज ३,७४०. मावतच नाही.

मग मधल्या रविवारी फुलऐवजी डिफरेन्शियल धरला. १३ फुल २,६००, पाच डिफरेन्शियल २००, इन्क्रिमेंटल १४०. बेरीज २,९४०. महिन्याचा नवा फुल तयार होताना जुना अजून पुसलेला नसतो, तेव्हा काही काळ आणखी २०० लागतात, म्हणजे ३,१४०. डिस्कवर ५८० जीबीची मोकळीक उरते. हे जमतं.

नवा पूर्ण झाल्यावरच जुना पुसायचा, हा क्रम सेटिंगमध्ये मुद्दाम बघून घ्या. जागा वाचवायला काही जण आधी पुसून मग नवा घेतात. नवा अर्ध्यात अडकला तर दोन्हीकडून जातं.

इन्क्रिमेंटलच्या आकाराचा अंदाज मनाने करू नका. दोन आठवडे चालवा आणि मोजा. साधं सॉफ्टवेअर फाइल बदलली की पूर्ण फाइल उचलतं. आउटलुकची १५ जीबीची मेल फाइल असेल तर एक मेल आला तरी रात्री १५ जीबी जातात, महिन्याला ४५० जीबी होतात, आणि लोकांना कळत नाही डिस्क कशाने भरली. अशा फायली असतील तर ब्लॉकच्या पातळीवर बदल शोधणारं, म्हणजे फायलीचा बदललेला तुकडाच उचलणारं सॉफ्टवेअर घ्या, किंवा त्या फायलींसाठी वेगळं काम लावून त्याची मुदत कमी ठेवा. स्कॅन केलेले पीडीएफ आणि फोटो दाबून फारसे लहान होत नाहीत, तेव्हा कॉम्प्रेशनने निम्मं होईल असा हिशेब धरू नका.

तरीही बसत नसेल तर कुठे कात्री लावायची? महिन्यांची संख्या कमी करा, किंवा बॅकअपमधून डाउनलोड फोल्डर, जुने इन्स्टॉलर, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढून टाका. ३० दिवसांच्या वचनाला हात लावायची पाळी सगळ्यात शेवटी येऊ द्या. ४ ऐवजी ८ टीबीची डिस्क घेणं चार दिवस पुन्हा टायपिंग करण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

पायरी ५: सॉफ्टवेअरमध्ये हे कसं भरायचं

इथे प्रत्येकाची भाषा वेगळी. काही सॉफ्टवेअर वयावर चालतात, म्हणजे इतक्या दिवसांपेक्षा जुनं ते पुसा. काही संख्येवर, म्हणजे शेवटचे इतके ठेवा. छोट्या ऑफिसात हा फरक फार महागात पडू शकतो. दिवाळीत ऑफिस दहा दिवस बंद, सर्व्हर बंद. मुदत ७ दिवसांची आणि वयावर. पाडव्यानंतर सर्व्हर चालू केला की नवा बॅकअप व्हायच्या आधीच जुने सगळे मुदतबाह्य ठरू शकतात. संख्येवर चालणाऱ्यात ही भीती नाही. वयावर चालणारं वापरत असाल तर किमान इतक्या प्रती राहिल्याच पाहिजेत अशी सोय आहे का ते शोधा आणि ती चालू करा.

रेस्टिक या सॉफ्टवेअरमध्ये कीप-डेली, कीप-वीकली, कीप-मंथली, कीप-इयरली असे आकडे द्यायचे. कीप-डेली ३० म्हणजे ज्या दिवशी बॅकअप झाला असे शेवटचे ३० दिवस, कॅलेंडरचे नव्हेत. त्यात फुल आणि इन्क्रिमेंटल असा भेद नाही. डेटाचे तुकडे एकदाच साठवतात आणि प्रत्येक दिवसाची नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे मधला दिवस काढला तरी बाकीचे शाबूत राहतात. पायरी ३ चं गणित तिथे लागत नाही. मात्र फर्गेट या आज्ञेने फक्त नोंद जाते, जागा मोकळी होते ती प्रून चालवल्यावर. आणि पहिल्यांदा चालवताना ड्राय-रन लावून काय पुसलं जाणार आहे त्याची यादी वाचा, मगच खरं चालवा.

डुप्लिकाटीत हुशार मुदत म्हणून तयार पर्याय आहे. शेवटच्या ७ दिवसांचा रोज एक, ४ आठवड्यांचा आठवड्याला एक, १२ महिन्यांचा महिन्याला एक. घरच्या कॉम्प्युटरला हे पुरतं. ऑफिसला सात दिवस कमी पडतात, तिथे स्वतःचे आकडे भरा.

वीमच्या विंडोजसाठीच्या मोफत एजंटमध्ये एकच फुल कायम राहतो. मुदत संपली की सगळ्यात जुना इन्क्रिमेंटल त्या फुलमध्ये मिसळला जातो. फुल आधी पुसला जाण्याचा प्रकार त्यात होत नाही. पण सगळे दिवस एकाच फुलवर उभे असतात, तेव्हा ती एक फाइल खराब झाली तर सगळंच जातं. म्हणून दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत ठेवल्याशिवाय हे वापरू नका.

बॅक्युला वापरणाऱ्यांसाठी जरा थांबून सांगतो, कारण तिथे तीन मुदती आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. फाइल रिटेन्शन म्हणजे कॅटलॉगमध्ये, बॅक्युलाच्या स्वतःच्या यादीत, फायलींची नावं किती दिवस राहतील, मूळ सेटिंग ६० दिवस. जॉब रिटेन्शन म्हणजे जॉबची, एका वेळच्या बॅकअपची, नोंद किती दिवस, मूळ सेटिंग १८० दिवस. व्हॉल्यूम रिटेन्शन म्हणजे ज्यात खरा डेटा आहे तो व्हॉल्यूम किती दिवस, मूळ सेटिंग ३६५ दिवस. फाइलची मुदत संपली की डेटा असूनही त्यातली एकच फाइल नावाने निवडता येत नाही, पूर्ण जॉब परत आणावा लागतो. जॉबची नोंदही गेली तर व्हॉल्यूम पुन्हा वाचून कॅटलॉग भरत बसावं लागतं. आणि फुलची नोंद गेल्यावर इन्क्रिमेंटलची वेळ आली की बॅक्युला त्याचा आपोआप फुल करतो, सकाळी येऊन बघाल तर जॉब अजून चालूच. म्हणून जॉबची मुदत फुलच्या व्हॉल्यूमच्या मुदतीइतकी ठेवा. फाइलची मुदतही तेवढीच ठेवावी, कॅटलॉग थोडा वाढेल, वाढू द्या.

बॅक्युलात फुल, डिफरेन्शियल आणि इन्क्रिमेंटल यांचे तीन वेगळे पूल, म्हणजे व्हॉल्यूमचे गट, करा आणि मुदत पूलला द्या. वरच्या हिशेबात फुलच्या पूलला ४०० दिवस, बाकी दोन्हींना ४० दिवस. मोजणी व्हॉल्यूमवर शेवटचं लेखन झालं तिथून सुरू होते. एकाच व्हॉल्यूममध्ये महिनाभराचे जॉब कोंबले तर पहिला जॉब मुदतीपेक्षा महिनाभर जास्त अडकून राहतो आणि जागेचं गणित चुकतं. म्हणून एका व्हॉल्यूमला एकच जॉब. आणि मुदत संपली म्हणजे डेटा लगेच पुसला असं नाही, तो व्हॉल्यूम पुन्हा वापरायला मोकळा झाला इतकंच. त्यावर नवीन लिहिलं गेलेलं नसेल तर घाबरून न जाता जॉब बंद ठेवा, डेटा मिळण्याची शक्यता असते.

मॅकच्या टाइम मशीनमध्ये मुदत भरायची गरज नाही. शेवटच्या २४ तासांचे तासातासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्यामागचे आठवड्याचे, डिस्क भरेपर्यंत राहतात. भरली की सगळ्यात जुने जातात. म्हणजे डिस्कचं माप हीच तुमची मुदत, ती मोठी घ्या.

आमचं सगळं ड्राइव्हवर आहे म्हणणाऱ्यांनी त्याचीही मुदत बघावी. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. वर्ड-एक्सेलसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच राहतात. सप्टेंबरातली चूक ऑडिटला सापडली तर तिथे काही मिळणार नाही.

पायरी ६: वर्षाचा संच

३१ मार्चच्या रात्री बॅकअप घेतला म्हणजे वर्ष झालं असं धरू नका. मार्चच्या एंट्र्या पुढे कित्येक महिने पडत असतात, ऑडिटच्या दुरुस्त्या होतात. म्हणून दोन संच काढा. एक ३१ मार्चचा आणि एक वार्षिक विवरणपत्र भरून झाल्यावरचा. कामाचा खरा हा दुसरा.

यात पूर्ण २०० जीबी नको. टॅलीचा डेटा, अंतिम ताळेबंद, भरलेली विवरणपत्रं, स्कॅन केलेली बिलं. सांगलीत हे २५ जीबीच्या आत बसलं. टॅली बंद करूनच कॉपी घ्या, चालू असताना उचललेला डेटा नंतर उघडेलच असं नाही. लेजर आणि ताळेबंदाचे पीडीएफ काढून सोबत ठेवा, कारण आठ वर्षांनी त्या जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर कुठल्याच कॉम्प्युटरवर नसेल. डेटा कुलूपबंद केला असेल तर पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती, दरवर्षी एकदा लावून उघडून बघायच्या. पेन ड्राइव्हवर आठ वर्षांचा भरवसा ठेवू नका, आणि बंद कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडीही योग्य नाही.

या संचांवर सॉफ्टवेअरची कोणतीही मुदत लागू करू नका. त्यांना पुसायचा निर्णय माणसानेच घ्यायचा, तारीख बघून, मालकाची सही घेऊन.

पायरी ७: दुसरी प्रत, आणि तिची मुदत थोडी जास्त

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे सर्व्हर आणि त्यांना जोडलेल्या बॅकअप डिस्का एकाच पाण्यात गेल्या. त्या पुरानंतर मी कुणाचंही सेटिंग करताना दुसरी प्रत कुठे आहे हे आधी विचारतो. ती उंचावरच्या घरी असू दे किंवा क्लाउडवर.

रॅन्समवेअरसाठी, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागण्याच्या प्रकारासाठी, दुसऱ्या प्रतीची मुदत महत्त्वाची. आत शिरलेला माणूस लगेच फायली कुलूपबंद करेलच असं नाही, काही दिवस गप्प राहतो, आणि जाण्याआधी हाताला लागतील ते बॅकअप पुसतो. मुदत सात दिवसांची असेल तर स्वच्छ प्रत उरतच नाही. म्हणून बाहेरच्या प्रतीला ६० दिवस तरी द्या. क्लाउडवर ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही असं कुलूप लावायची सोय असते, ती लावा. मात्र कुलपाचे दिवस मुदतीपेक्षा जास्त भरू नका, नाहीतर मुदत संपलेला डेटाही पुसता येत नाही आणि बिल वाढत जातं. क्लाउड घ्यायचं नसेल तर दोन डिस्का आलटून पालटून वापरा, एक नेहमी तारेपासून सुटलेली.

पायरी ८: सगळ्यात जुना दिवस उघडून बघा

कालचा बॅकअप उघडतो का हे सगळे तपासतात. मुदत बरोबर बसली आहे का हे कळायला सगळ्यात जुना दिवस उघडायला हवा. नवं सेटिंग केल्यावर दीड महिना जाऊ द्या, मग २९ किंवा ३० दिवसांपूर्वीचा शनिवारच्या जवळचा दिवस निवडा. त्यातून दोन फायली काढा. एक त्या आठवड्यात बदललेली आणि एक गेल्या सहा महिन्यांत कुणी हात न लावलेली. दुसरी फाइल मिळाली तरच साखळीचं मूळ जागेवर आहे असं समजा. फायली मूळ जागी परत टाकू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि उघडून आतले आकडे बघा. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं होत नाही.

हे दर तीन महिन्यांनी करायचं. रोज सकाळी बॅकअप झाल्याचा मेल येतो का तेही कुणीतरी एकाने बघायचं, आणि मेल आला नाही तर ती बिघाडाचीच खूण धरायची. २०१७ च्या जानेवारीत प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की नेहमीचे बॅकअप होतच नव्हते आणि बिघाडाचे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. जवळपास सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून ते वाचले.

सांगलीच्या ऑफिसात आता ताईंच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. त्यावर हाताने लिहिलंय: रोजचा ४० दिवस. रविवारचा ४० दिवस. महिन्याचा १३ महिने. वर्षाचा संच विचारल्याशिवाय पुसायचा नाही. बाहेरची डिस्क दर शनिवारी बदलायची. त्याखाली तारखांचा रकाना आहे, जुन्या दिवसाची फाइल काढून बघितली की ताई तिथे तारीख टाकतात आणि शेजारी त्या फायलीचं नाव लिहितात. पहिल्या ओळीत त्याच स्टॉकच्या शीटचं नाव आहे.